रविवारचं व्होल्टेज

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या लुबर्टकाकांचा दुसऱ्याने घेतलेल्या मापावर विश्वास नव्हता. डॉक्टरने रक्तदाब मोजला की घरी येऊन ते स्वतःच्या यंत्रावर पुन्हा मोजायचे, आणि आकडा जुळला नाही तर ‘तुमचं यंत्र एकदा तपासून घ्या’ असं डॉक्टरला फोन करून कळवायचे. सुताराने चौकटीचं माप घेतलं की तो गेल्यावर हे टेप काढायचे. माणूस भांडखोर मुळीच नव्हता. पण जे आपण मोजलं नाही ते आपल्याला माहीत नाही, असा त्यांचा खाक्या होता. असल्या माणसाच्या शेजारी राहणं म्हणजे काय, ते मला विचारा. माझ्या दुधाच्या टाकीचं तापमानसुद्धा त्यांनी दोनदा येऊन तपासलं आहे. दोन्ही वेळा ते बरोबर निघालं तेव्हा बिचारे जरा हिरमुसले.

मी कोब. माझा गोठा त्यांच्या कुंपणाला लागून आहे. सकाळचं दूध काढून झालं की दहाच्या सुमाराला मी त्यांच्याकडे कॉफीला जातो. कॉफीबरोबर एक बिस्कीट मिळतं आणि लगेच डब्याचं झाकण लागतं. हे आमच्याकडे सगळीकडेच असं आहे, त्यांनाच कशाला नावं ठेवायची!

लुबर्टकाकांनी आयुष्य काढलं ते शहरातल्या एका रेडिओच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. पुढे मालक गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा आणि मागे हे रेडिओ उघडून बसायचे. दुकान बंद पडलं तेव्हा मालकाने विचारलं, निरोपाची भेट म्हणून काय देऊ? हे म्हणाले, कपाट द्या. कपाटात जुने काचेचे व्हॉल्व्ह होते, भलेमोठे ट्रान्सफॉर्मर होते, वायरींची भेंडोळी होती. ड्रिकाकाकूंनी म्हणजे त्यांच्या बायकोने ते सगळं बघून कपाळाला हात लावला आणि परसातली खोली मोकळी करून दिली.

आमच्या गावात रविवार म्हणजे रविवार. बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात ठेवायचे, सूप करून ठेवायचं, बूट पुसून दाराशी लावायचे. रविवारी दोरीवर कपडा दिसणार नाही, कुणाच्या हातात हातोडा दिसणार नाही, सायकलसुद्धा भिंतीला टेकलेली. सकाळी एकदा चर्च आणि दुपारी पुन्हा एकदा. गाईंना वार कळत नाही म्हणून मला तेवढी सूट आहे, दूध काढणं दयेच्या कामात धरतात. तरी माझा ट्रॅक्टर रविवारी रस्त्याला लागला की खिडक्यांचे पडदे हलतात. लुबर्टकाका या बाबतीत गावाच्याही वरताण. भिंतीवरच्या घड्याळाची किल्ली ते शनिवारी द्यायचे, कारण ती रविवारी द्यायची वेळ आली तर तेही काम झालं.

ड्रिकाकाकूंच्या छातीने दगा दिला त्याला आता दोन वर्षं झाली. नाकाला नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं यंत्र, त्यामुळे त्यांनी उंबरठा ओलांडलेला नाही. अशा माणसांसाठी चर्चमधून घराघरांत लाइन दिलेली असते. तिकडे पाद्री बोलतो आणि इकडे टेबलावरच्या डबीतून ऐकू येतं. पण काकूंचे कानही अधू. त्या म्हणायच्या, “या डबीतून आवाज येतो, शब्द येत नाहीत. आणि ऑर्गन म्हणजे नुसता डास.” मग लुबर्टकाकांनी परसातल्या खोलीत बसून महिनाभर खपून एक ॲम्प्लिफायर बांधला. सगळा व्हॉल्व्हचा. चर्चची लाइन त्याला जोडली आणि त्याच्यापुढे कपाटाएवढा स्पीकर. पहिल्या रविवारी ऑर्गनचा खर्जातला सूर लागला तेव्हा खिडकीतल्या कुंड्या थरथरल्या आणि काकू रडल्या. हे मला लुबर्टकाकांनी सांगितलं नाही, काकूंनी सांगितलं.

वर्षभर तो ॲम्प्लिफायर बिनतक्रार चालला. वसंतात बिघडला, आणि बिघडला तोही फक्त रविवारी.

आमच्याकडे प्रवचनाचे तीन भाग असतात आणि प्रत्येक भागाला एक पेपरमिंट चघळायची पद्धत आहे. काकू घरी एकट्या असल्या तरी खुर्चीच्या हातावर तीन गोळ्या मांडून बसतात. दुपारच्या प्रवचनात दुसरी गोळी निम्मी झाली की आवाज घोगरा व्हायला लागायचा, आणि मोठ्या दोन व्हॉल्व्हच्या आतला पत्रा निखाऱ्यासारखा लाल दिसायचा. लाल दिसला की बटण बंद करायचं, असं काकांनी बजावून ठेवलं होतं. काकू बंद करायच्या आणि तिसरी गोळी नुसतीच चघळत बसायच्या. काका चर्चमधून परत येईपर्यंत यंत्र थंड झालेलं असायचं, आणि रविवार असल्यामुळे त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

सोमवारी ते मोजायला बसायचे, तर सगळं जिथल्या तिथे. जिथे तीनशे व्होल्ट हवेत तिथे तीनशे. दुपारी मोजलं तरी तेच, तासभर चालू ठेवून मोजलं तरी तेच. त्यांनी कपॅसिटर बदलले, प्रत्येक जोडावर नव्याने सोल्डरिंग केलं, एक ट्रान्सफॉर्मर उघडून पुन्हा बंद केला. पुढच्या रविवारी पत्रा पुन्हा लाल. अशात व्हॉल्व्हच्या दोन जोड्या कामातून गेल्या आणि कपाटात शेवटची एक राहिली. तसले व्हॉल्व्ह आता कुणी बनवत नाही.

एका शनिवारी दुपारी मात्र आकडा थोडा चढलेला दिसला. काका खूश झाले, चोर सापडला म्हणून. पण मीटर होता मुलाने दिलेला, बॅटरीवर चालणारा, आणि असल्या मीटरची बॅटरी उतरली की तो जास्त दाखवतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. ते उठून शहरात बॅटरी आणायला गेले. येईपर्यंत सूर्य कलला होता. नवी बॅटरी घालून मोजलं, तर बरोबर तीनशे. “बॅटरीच होती,” ते मला सोमवारी म्हणाले आणि तो मीटर त्यांनी खणात टाकून दिला. तेव्हापासून त्यांनी दुकानातला जुना काट्याचा मीटर बाहेर काढला. त्याला व्होल्ट मोजायला बॅटरी लागत नाही.

मे संपता संपता कळलं की आरेंड येणार आहे. आरेंड हा त्यांचा एकुलता एक मुलगा. अर्धं आयुष्य शाळेत मास्तरकी केल्यावर त्याला पाद्री व्हायची बुद्धी झाली. याच वर्षी त्याला दूर, देशाच्या दुसऱ्या टोकाला झीलंड प्रांतात चर्च मिळालं होतं. काकूंना प्रवास झेपणार नव्हता म्हणून त्याच्या दीक्षेलाही जाता आलं नव्हतं. आता जूनच्या एका रविवारी तो सकाळी शेजारच्या गावात आणि दुपारी आमच्या गावात प्रवचन करणार होता. ज्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, तिथे वर उभा राहून पहिल्यांदाच.

आरेंडने फोनवर सांगितलं, “आई, यंत्राचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मी संध्याकाळी घरी बसून सगळं म्हणून दाखवतो तुला.”

“स्वयंपाकघरात म्हटलेलं प्रवचन म्हणजे नुसती कटकट,” काकू म्हणाल्या. “मला लोकांच्या खोकल्यासकट ऐकायचंय.”

त्यांना दुसरं काही नको होतं. श्वास किती दिवस पुरेल याचा भरवसा नव्हता, हे त्या स्वतः मला कॉफी ओतताना सहज सांगायच्या. लुबर्टकाका तेव्हा खिडकीबाहेर बघायचे.

आरेंड यायच्या आठवडाभर आधी, शनिवारी काकांनी एक युक्ती काढली. ॲम्प्लिफायरचं खालचं झाकण काढून त्यांनी मीटरच्या दोन तारा चिमट्याने मुख्य व्होल्टेजला लावून ठेवल्या. वर लाकडी पेटी उपडी घातली आणि मीटरचा काटा तेवढा बाहेरून दिसेल असा ठेवला. बटाटे शनिवारी सोलतात, तसे चिमटेही शनिवारी लावले. रविवारी फक्त बघायचं.

“पण बघणं हे काम होत नाही का?” ते कॉफी पिताना पुटपुटले. त्यांना खरंच शंका होती.

“रविवारी घड्याळ बघतोस ना?” काकू म्हणाल्या. “मग झालं तर. आणि तू चर्चला जाशील, बघणार मी आहे. पाप लागलं तर मला लागेल.”

“हात पेटीजवळ न्यायचा नाही हं, ड्रिका. तीनशे व्होल्ट आहेत.”

“हात ॲप्रनच्या खिशात ठेवून बघते. मग तर झालं?”

त्या रविवारी दुसऱ्या गोळीला आवाज घोगरा झाला, काकूंनी काटा वाचला आणि यंत्र बंद केलं. काका घरी आल्यावर त्यांनी सांगितलं, “तीनशे तीस.”

“असं होणारच नाही.”

“मी पाहिलं ना!”

“त्या मीटरवर चार रांगा आहेत आकड्यांच्या. तू भलतीच रांग वाचलीस. चष्मा होता का डोळ्यांवर?”

“चष्म्याशिवाय मी बायबल वाचते का?” काकू चिडल्या. छत्तीस साली जन्मलेल्या माणसाला चष्म्याचं शिकवू नकोस, असंही काही म्हणाल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. सोमवारी काकांनी स्वतः मोजलं. तीनशे. “बघ,” ते मला म्हणाले, “मी सांगत होतो.” तीनशे तीस हा आकडा त्यांनी मनातून पुसून टाकला, कारण तो त्यांनी मोजलेला नव्हता. डॉक्टर, सुतार, मी आणि बायको, सगळे एकाच माळेचे मणी.

आरेंडच्या रविवारी सकाळी ऊन लख्ख पडलं होतं. चर्चची घंटा झाली, मी दूध काढून, अंघोळ करून निघालो. लुबर्टकाका काळ्या सुटात खिडकीशी उभे दिसले. मला वाटलं, निघतायत. पण ते आलेच नाहीत. तिसऱ्या रांगेतली त्यांची जागा रिकामी राहिली. आमच्याकडे माणूस धडधाकट असताना त्याची जागा रिकामी राहिली, तर तो मेला असावा असं गृहीत धरतात.

म्हणून सकाळचं चर्च सुटल्यावर एव्हर्ट माझ्याबरोबर चालत आला. एव्हर्ट चर्चचा पंच आहे. कोण आलं नाही याची चौकशी करणं हे त्याचं कामच. शिवाय गल्लीच्या तोंडाशी दारं-खिडक्यांचा जो कारखाना आहे, तो त्याचा. माणूस वाईट नाही, फक्त त्याला हसताना मी पाहिलेलं नाही.

“बरं नाही का, लुबर्ट?” त्याने दारातूनच विचारलं.

“बरा आहे. मीटर बघत होतो.”

एव्हर्ट आत आला. “मीटर?”

“बस, सांगतो.” काकांचा चेहरा काहीतरी सापडलेल्या माणसासारखा होता. त्याच वेळी काहीतरी हरवल्यासारखाही होता. “ड्रिकाचं बरोबर होतं. तीनशे तीस. मी स्वतः पाहिलं. मग लहान व्हॉल्व्हचं बघितलं, तेही चढलेलं. सगळंच एकाच प्रमाणात चढलेलं, एव्हर्ट. यंत्रात दोष असता तर एक जागा बिघडली असती. सगळंच चढलंय म्हणजे यंत्र बिचारं निर्दोष आहे. म्हणून मी भिंतीच्या सॉकेटमध्ये मीटर घातला.”

“आज?” एव्हर्टने विचारलं.

“आज. आत्ता.” काका थांबले. “दोनशे तीस हवेत. दोनशे बावन्न आहेत.”

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी माझ्या टोपीशी खेळत बसलो. त्या हिवाळ्यात गावात सोलर पॅनेलची साथ आली होती. एव्हर्टच्या कारखान्याचं छप्पर पॅनेलने भरलं, चर्चच्या सभागृहाचं भरलं आणि माझ्या गोठ्याचंही. कामाच्या दिवशी एव्हर्टच्या करवती ती सगळी वीज खाऊन टाकतात, उरलेली बायकांच्या धुलाईयंत्रांत जाते. शनिवारी दुपारी करवती थांबतात, आणि रविवारी तर करवती बंद, धुणं बंद, सगळं गाव हात जोडून बसलेलं. सूर्य मात्र रोजच्यासारखा तळपतो. मग ती वीज गल्लीतल्या तारेत दाटते, आणि तारेच्या टोकाला शेवटचं घर लुबर्टकाकांचं. तिकडे त्यांच्या ॲम्प्लिफायरच्या मानगुटीवर बसते.

“एव्हर्ट,” काका म्हणाले, “दुपारी प्रवचनापुरतं तुझ्या छपराचं बटण बंद कर.”

ड्रिकाकाकू खुर्चीत बसून एव्हर्टकडे बघत होत्या. “ते बटण कारखान्यात आहे,” तो म्हणाला. “शनिवारी संध्याकाळी मी ते दार लावतो आणि सोमवारी उघडतो. माझ्या वडिलांनीही रविवारी कधी उघडलं नाही.”

“माहीत आहे.”

“माझ्या जागी तू असतास तर उघडलं असतंस का?”

“नसतं,” लुबर्टकाका म्हणाले.

सभागृहाची किल्ली ज्याच्याकडे होती त्याचंही उत्तर हेच असणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. एव्हर्ट उठला. दाराशी जाऊन त्याने हलक्या आवाजात विचारलं, “बरं नव्हतं असं सांगू का लोकांना?”

“नको. मीटर बघत होतो, असंच सांग.”

तो गेल्यावर मी म्हटलं, “काका, बैल विहिरीत पडला तर रविवारीही बाहेर काढतातच की. खुद्द येशूने सांगितलंय.”

“ड्रिका बैल नाही,” काका म्हणाले.

“आणि ही विहीर कुठाय?” काकूंनी विचारलं. मग दोघंही हसले. मला त्या सकाळी पहिल्यांदा बरं वाटलं.

मी गोठ्यात जाऊन माझं बटण बंद केलं. मला कोण विचारणार होतं, मी तसाही गाईंकडे जाणारच होतो. परत येऊन पाहिलं तर सॉकेटचा आकडा जरासा उतरला होता, पण पुरेसा नाही. माझं छप्पर कारखान्याच्या पाव हिश्श्याचंही नाही. काका काही वेळ काट्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीला नीट लावला आणि बाह्या वर सारल्या.

“खोलीत खालच्या फळीवर गोल मुठीचा ट्रान्सफॉर्मर आहे. आण. जड आहे, मला आता उचलत नाही.”

तो ट्रान्सफॉर्मर दुकानातला. मूठ फिरवली की व्होल्टेज हवं तेवढं कमी करता येतं. जुने रेडिओ एकदम चालू केले तर फुटतात, म्हणून ते त्याच्यावर हळूहळू जागे करायचे. मी तो टेबलावर आणून ठेवला तेव्हा माझी पाठ मोडली होती. काकांनी तो सॉकेट आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडला. मग ते वायर सोलू लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यांनी रविवारी हातात पकड धरली नव्हती. मला ते बघवेना.

“आता मूठ खाली आणून ठेवा आणि चर्चला चला,” मी म्हटलं. “वेळ आहे अजून.”

त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. दुपारचे ढग यायला लागले होते, आपले नेहमीचे, कापसाच्या गाठोड्यांसारखे पांढरे. “ढग आला की पडणार, ऊन आलं की चढणार. खाली ठेवून दिलं तर ढगात आवाज दबेल आणि तिला शब्द लागणार नाहीत. वर ठेवलं तर हे व्हॉल्व्ह जातील. दुसरे नाहीत. कुणीतरी मुठीवर हात ठेवून बसायला हवं.”

“मी बसतो. गाईच्या आचळांवर चालतो तो हात मुठीवर नाही का चालणार? तुम्ही जा. मुलगा वर उभा राहणार तुमचा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या नजरेने ते डॉक्टरच्या यंत्राकडे बघतात, अगदी त्याच. मी काय ते समजलो. पण जायचं त्यांच्या मनात होतं, हे त्यांच्या सुटाच्या इस्त्रीवरून आंधळ्यालाही दिसलं असतं. तिसऱ्या रांगेत बसून मान वर करून मुलाकडे बघायचं, याची तयारी ते कित्येक आठवडे करत होते. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं.

“जा रे लुबर्ट,” काकू म्हणाल्या. “कोब करेल.”

“तू ऐक,” ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

मीही मग दुपारचं चर्च बुडवलं. दोन रिकाम्या जागांचं गावाने काय करायचं ते केलं असेल. ऑर्गन वाजला, कुंड्या थरथरल्या, काकूंनी तीन गोळ्या मांडल्या आणि पहिली तोंडात टाकली. मग आरेंडचा आवाज आला. पहिलं वाक्य अर्धं बोलून तो थांबला, चांगलाच थांबला. लाइन तुटली की काय म्हणून मी घाबरलो. काका काट्याकडे बघत होते. मग आरेंडने घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली.

खिडकीत ऊन आलं की काका मूठ केसभर खाली घ्यायचे, ढग आला की वर. डोळे काट्यावर, मान पुढे, ओठ घट्ट मिटलेले. मधल्या भागात एकदा ऊन असं काही कडक पडलं की काटा झपकन उसळला आणि व्हॉल्व्हच्या पत्र्याच्या कडेला लाली दिसली. काका हूं की चूं न करता मूठ खाली घेत गेले आणि लाली विझली. आवाज एकदाही घोगरा झाला नाही. माझं अजूनही मत आहे की मूठ मध्ये कुठेतरी ठेवून उठले असते तरी निभावलं असतं. पण हे मी त्यांना कधी म्हटलं नाही. काकूंनी डोळे मिटले होते. लोक खोकले तेव्हा त्या हसल्या. तिसरी गोळी त्यांनी प्रवचनाच्या तिसऱ्या भागात खाल्ली, कित्येक महिन्यांनी.

आशीर्वाद झाला, शेवटचं गाणं झालं, काकांनी मूठ शून्यावर आणली आणि बोटं उघडायचा प्रयत्न केला. ती पटकन उघडेनात. मी कॉफी ठेवली.

थोड्याच वेळात आरेंड चालत घरी आला, काळा कोट घामाने भिजलेला. आईच्या गालाला गाल लावून तो वडिलांकडे वळला. “बाबा, बाक रिकामा दिसला आणि मला पुढचं सुचेना. मला वाटलं, आईचं काही झालं.”

“काही नाही झालं,” काका म्हणाले. “मी इथेच होतो.”

आरेंडने टेबलावरचा ट्रान्सफॉर्मर पाहिला, सोललेल्या वायरी पाहिल्या, वर सारलेल्या बाह्या पाहिल्या. तो आमच्याच गावात वाढलेला, त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तो खुर्चीत बसला. मग त्याने विचारलं, आणि एवढा मोठा माणूस असून शाळकरी पोरासारखं विचारलं, “कसं झालं बाबा, प्रवचन?”

लुबर्टकाका खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा दुसरा दोष. “तीनशेच्या वर जाऊ दिलं नाही,” ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की त्याने हे विचारलं नव्हतं. “मी ऐकलं नाही रे, आरेंड. एक शब्दही नाही. मी काट्याकडे बघत होतो.”

आरेंड खाली बघत होता. मला वाटलं, आता उठून जावं.

“मी सांगते,” ड्रिकाकाकू म्हणाल्या. “बस असा इकडे तोंड करून. तर, पेत्र आणि त्याची माणसं रात्रभर मासे धरायच्या कामाने पार थकलेली, आणि जाळं रिकामं. हा पहिला भाग. आरेंड म्हणाला की रिकामं जाळंसुद्धा धुवावं लागतं. धुणाऱ्याचं कुणी कौतुक करत नाही, पण ते न धुता टाकलं तर उद्या मासा आला तरी उपयोग नाही.”

“आई, मी एवढं सगळं नव्हतो म्हणालो,” आरेंड म्हणाला.

“म्हणालास. मला सांगतोस? शब्द न् शब्द ऐकलाय मी.”

त्या दम खायला थांबल्या. लुबर्टकाकांनी स्टूल त्यांच्या खुर्चीजवळ ओढलं आणि आखडलेला हात मांडीवर ठेवला.

“पुढे सांग,” ते म्हणाले.